उलटी पावलं

देवळाली कॅम्पातून बसने यायच्या मिस डिमेलो,
शरणपूरच्या हॉलची शहाबादी फरशी आधी स्वतः झाडायच्या,
मग तिच्यावर कॅरमची पावडर भुरभुरून म्हणायच्या,
चला, जोड्या करा.

लेकीचं सासर वसईचं.
तिकडे लग्नात वधूच्या आईबापांना नाचावं लागतं,
म्हणून आम्ही. नाहीतर कशाला?

एलियाने हात वर केले
ते नोट प्रेसच्या गेटवर झडतीला उभं राहावं तसे.
एकतीस वर्षं रोज संध्याकाळी तेच केलेले हात.
'खाली घ्या थोडे,' बाई म्हणाल्या,
'इथे कुणी तुमचे खिसे तपासत नाही.'

मला माझी जागा ठाऊक होती.
स्कूटरवर मागे, रस्त्याने चार पावलं मागे.
आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी अधीनतेचा उतारा वाचला,
तेव्हा एलियाच्या आत्याने मोठ्याने आमेन म्हटलं होतं.
त्याला लागूनच नवऱ्यांसाठीचा आहे,
जास्त लांब, जास्त महाग.
त्याला कुणी आमेन म्हटल्याचं आठवत नाही.

पुरुषाने पुढे यायचं, बाईने उलटं जायचं.
उलटं जाताना डोळ्यांचा उपयोग नसतो,
पाठीला कान फुटावे लागतात.
एलिया ढकलायचा,
कागदाची रिमं ट्रॉलीवरून ढकलावीत तसा.
'त्यांना हलवू नका,' बाई म्हणायच्या,
'तुम्ही हला. जागा झाली की त्या येतील.
आणि तुम्हीही कुणाच्या तरी मागेच आहात, एलियासाहेब,
ते गाणं ऐका जरा.'

मी गालात हसले.
तर माझ्याकडे वळल्या.
'प्रफुल्लाबाई, तुम्ही ओळखून आधीच जाता.
त्यांचं पाऊल पडायच्या आत तुमचं पडलेलं असतं.'

हे मात्र लागलं.
चहा मागायच्या आत चहा,
रागवायच्या आत माफी,
त्याला वाटायच्या आत त्याचं मत.
याला मी आजवर मागे चालणं म्हणत आले होते.
प्रार्थनेतही
उत्तर आधी सांगायचं, मग हात जोडायचे,
मग प्रभू का बोलत नाही म्हणून रुसायचं.
बोलणार कधी तो?
मी मात्रेच्या पुढेच.

त्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी
नवे पाळक, वय असेल तीस,
घमेलं घेऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले.
नव्या सँडलने टाच सोललेली, वर पट्टी.
लाजून पाय मागे घेतला मी.
त्यांनी ओढला नाही.
पाण्यात हात तसाच ठेवून थांबले,
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, तरी थांबले.
मग पाय आपणहून गेला.
मला भर उपासनेत मिस डिमेलो आठवल्या,
आणि त्यांची पावडर.

वसईला आम्ही नाचलो. बरं झालं म्हणाले सगळे.
एलियाने दोनदा पाय तुडवला,
एकदा मी.

आता काचबिंदूने त्याची बाजूंची नजर गेली आहे.
समोर उरलाय एक गोल,
नळीतून बघावं तेवढा.
जेल रोडच्या या दोन खोल्यांत
टीपॉय भिंतीला लावते, कॅसेट घालते,
आणि पुढे येते ती मी.
त्याच्या पाठीवर माझा हात,
तो उलटा चालतो.

पहिल्या दिवशी दाराची कड लागली त्याला.
'ढकलू नकोस गं,' म्हणाला.
मग आम्ही दोघंही इतके हसलो
की शेजारची रेबेका बघायला आली.

न बघता पाऊल टाकणाऱ्याच्या वाटेवर
काय काय असतं, हे आता दिसतं मला:
स्टुलाचा पाय, पायपुसण्याची दुमड,
नातवाची मोटार.
एवढं सगळं बघत असायचा का तो, तेव्हा?
विचारलं नाही.

एक, दोन,
तीनला अजून घाई होते माझी.
तो थांबतो.
पाठीवरच्या माझ्या हाताला कळतं, थांबलाय.