हसण्याचे अडीचशे

दर सोमवारी साडेआठला लागायची ‘नववी ड’.
कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही सहा जणं टीव्हीपुढे
बघायला कमी, ऐकायला जास्त बसायचो.
कारण त्यात आमची शालन आत्या होती.

दिसायची नाही. हसायची.
साकीनाक्याला एका गाळ्यात
भिंतींना जुन्या गाद्या ठोकून
वीस-पंचवीस माणसांचं हसणं भरून घ्यायचे.
दिवसाचे अडीचशे, दुपारी उसळपाव,
मध्येच कुणी खोकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आत्याचं हसणं सगळ्यांच्या मागून यायचं,
सगळे थांबले की एकटंच,
फोडणीत उशिरा तडतडलेल्या मोहरीसारखं.
“ती बघ, ती बघ!” आई ओरडायची
आणि गट्टू पुढे काय म्हणाला ते कुणालाच कळायचं नाही.

गट्टू नववीत होता. खरा चोवीस वर्षांचा,
गालावर दाढीची हिरवी सावली.
त्याची आई लाटणं घेऊन सोफ्याभोवती पळायची,
वडील पेपर उलटा धरायचे,
आणि त्यांच्या घरात जिना होता. घरातल्या घरात जिना!
वर काय असेल यावरून मी आणि ताई किती भांडलोय.

नववीत मीही होतो. फ तुकडी.
सहामाहीला बीजगणितात पंचाहत्तरपैकी सतरा.
प्रगतिपुस्तक तीन रात्री गादीखाली ठेवलं,
चौथ्या दिवशी बाबांपुढे.
सोमवार होता, हे लक्षातच नाही आलं.
बाबांनी आधी चष्मा शोधला, मग पेन,
आणि नेमका तेव्हाच गट्टू नापास झाला.

त्याने सहीच्या जागी दूधवाल्याची सही आणली.
बाईंनी विचारलं, वडील काय करतात तुझे?
म्हणाला, पाणी घालतात.
सगळे हसले, म्हणजे गाळ्यातले.
आमची खोली गप्प.
आणि मग, सगळे थांबल्यावर,
आत्या.

“ती बघ” कुणी म्हणालं नाही.
बाबांनी सही केली, पूर्ण नाव, खाली रेघ,
पगाराच्या कागदावर करायचे तशी.
लाटणं नाही. शब्द नाही.
पेपर उचलला, तोही सुलटाच.

तीन रविवार मी आत्याशी बोललो नाही.
चौथ्याला तिने मोरीपाशी गाठलं,
हातात अर्धे साफ केलेले बोंबील.
“काय केलं रे मी तुझं?”
“तो नापास झाला तेव्हा तू हसलीस.”
“कोण नापास झाला?”

त्यांना काहीच दाखवत नसत.
काचेपलीकडे एक माणूस हात वर करायचा.
हात छातीपर्यंत, तर खुदकन.
खांद्यावर गेला, तर मोठ्याने.
डोक्यावर, तर पोट धरून.
कशाला, ते बहुतेक त्यालाही माहीत नसायचं.

“मग तुलाच उशीर का होतो?”
“अरे, हात दिसला की मला काहीतरी आठवावं लागतं.
बाकीचे नुसतेच हसतात. मला नाही जमत.”
“काय आठवतेस?”
तिने आत पाहिलं. बाबा आडवे झाले होते, तोंडावर पेपर.
“तुझ्या बापाला अकरा होते बीजगणितात.
दादांची सही मी ठोकली होती. डाव्या हाताने.
बोलशील तर बघ.”

नाही बोललो.
पुढच्या सोमवारी ती हसली तेव्हा
मी बाबांकडे बघत होतो, ते माझ्याकडे.
दोघांनीही मान वळवली.

‘नववी ड’ दोन वर्षांत बंद पडली. जिन्यावर काय होतं ते राहूनच गेलं.
हसण्याच्या फिती मात्र कुणी कुणाला विकल्या असाव्यात.
परवा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होतो,
वरच्या टीव्हीत कुणीतरी केळ्याच्या सालीवरून घसरलं,
लोक हसले, थांबले,
आणि मोहरी तडतडली.
अकरा मार्क.
शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं हो हसायला?