मुस्कं

मास्क लावा हो, मास्क लावा,
असं बोंबलासाठी मले माह्याच तोंडावरचा मास्क
खाली ओढा लागे.
डफडं घेऊन गावभर फिरो मी,
हनवटीवर निळं फडकं,
अन् पोट्टे म्हनत, कोतवाल, पयले तू लाव ना बे!

खरं होतं त्याहीचं.

बाजाराच्या दिवशी गुनवंता बोंद्रे
उघडलेला पंप तसाच टाकून उठला,
लांजेवार सिस्टरच्या समोर जाऊन उभा रायला:
"बाई, आमी का बैल आहो?
डवऱ्यावर बैलाले मुस्कं बांधतेत, तसं
मानसाले बांधाले निंगाल्या का तुमी?"
सारा बाजार हासला.
पेरूवाली बी हासली.
शिपायानं सकाळीच तिची दोनशेची पावती फाडली होती,
टोपलीत पेरू सव्वाशेचे बी नोते.
कोनी म्हने, हे सारं दवाखान्यावाल्याहीचं सोंग.
कोनी म्हने, तुह्या मामाले नेलं, तवा सोंग होतं का?
दोन सख्खे साडू चहाच्या टपरीवर
एकमेकाची गचांडी धरून पडले,
अन् त्या भांडनात दोघाहीचे बी मास्क तुटले.

सिस्टर काई बोलल्या नाई.
नाकावर लाल वळ, चष्म्यावर वाफ.
पुसली. पुन्ना चढली.

मंग चैत लागला.
उपकेंद्रात एक सिस्टर, एक आशा, प्रमिला उईके,
अन् बोटाले लावाची एक मशीन.
मशीनचे सेल संपले तवा माह्या पोरीनं
टीव्हीच्या रिमोटातले काढून देल्ले.
थो पांढरा झगा घातला का सिस्टर पानी पीत नोत्या,
काऊन का मंग झगा काढा लागे, अन् दुसरा नोता.
बेचाळीस डिग्री. सहा तास.
सांजच्यानं हातमोजे उलटे केले
का बोटातून घामाचं पानी गळे.

घरमालकानं खोली खाली कराले लावली.
"लेकरं आहेत आमाले," म्हने.
सिस्टरले बी होतं एक, दारव्ह्याले, मावशीपाशी.
उपकेंद्राच्या पायरीवर बसून
सिस्टर मास्कातूनच त्याच्याशी मोबाईलवर बोलत,
अन् थो म्हने,
तू नाई. माह्या आईले दे.

एका राती गुनवंताच्या मायले धाप लागली.
मशीन एक्क्याऐंशी दाखवे.
गाडी येत नोती. त्यानं आपलाच टेंपो काढला,
खांद्यावरचा दुपट्टा तोंडाले गुंडाळला.
नाक उघडंच होतं.
सिस्टर मांगं, फाऱ्यात, मायचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.
तवा बी काई बोलल्या नाई.

माय वाचली.
दुसरे सात नाई वाचले, त्याहीची नावं
वहीत लिहाचं काम माह्यं होतं.
एका नावाचं स्पेलिंग प्रमिलाले इचारलं,
तर थे बसल्या जागी झोपली होती,
हातात पेन, उघडा.

औंदा आखाडात गुनवंताच्या वावराजोळून चाललो होतो.
पऱ्हाटी वीतभर झाली होती.
थो बैलाले मुस्कं बांधत होता, सुतळीचं, नवं.
अन् तवा मले सुचलं
बाजारात त्या दिवशी काय म्हना लागत होतं:
अरे, मुस्कं काई बैलासाठी नसते,
बाजूच्या कोंबासाठी असते.
तीन वर्स उशिरा सुचलं.
सिस्टरची बदली झाली. सांगू कोनाले?

गुनवंतानं माह्याकडं पायलं, गाठ मारली.
"काय कोतवाल, डफडं कुठी हाय?"
म्या म्हनलं, घरी. कातडं सैल झालं त्याचं.
"हं," म्हने,
अन् मुस्क्यातून दोन बोटं घालून पायलं त्यानं,
बैलाले दम घेता येते का.