सातवी पायरी

पिरंगुटचा प्लॉट एकदाचा विकला गेला
आणि आमच्या डायनिंग टेबलावर
वीजबिल आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या मधोमध
बँकॉक उघडलं. चार रात्री.
मग विमानाने मालदीव, पाच.

अच्युतने दोनशे पानी वही आणली.
डावीकडे शहर, उजवीकडे समुद्र.
शहरात बेचाळिसावा मजला,
खिडकीतून नदी दिसेल अशी खोली.
"मुठेसारखी?" मी विचारलं.
त्याने गंभीरपणे लिहिलं : नदी, बिनवासाची.

आजवर आम्ही फिरलो ते एलटीसीत बसेल तेवढंच,
डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
धर्मशाळेत बादलीभर गरम पाण्याचे दहा रुपये वेगळे.
त्यामुळे 'बटलर' हा शब्द
दोघांनी आळीपाळीने उच्चारून पाहिला.
चोवीस तास बटलर.
"रात्री त्याला काय सांगायचं?"
"झोप म्हणायचं."

तीन दिवस नाश्त्यावरून वाद.
मग कर्वेनगरहून ट्रॅव्हल्सवाल्या होनपांचा फोन :
हनिमून पॅकेज घ्या, स्वस्त पडतं,
केक फुकट, पलंगावर टॉवेलचे दोन हंस.
"केक बिनअंड्याचा ना?" अच्युतची एवढीच शंका.

समुद्राचं पान माझं.
पाण्यावर उभी लाकडी खोली,
फरशीत काच, काचेखाली मासे,
आणि ओट्यावरून पायऱ्या. सहा.
सरळ पाण्यात उतरणाऱ्या.
मी फोटो दोन बोटांनी ताणताणून पाहिला,
सहावीच्या पुढे नुसतं निळं.
सातवी सापडली नाही.

मला पोहता येतं का,
हे छत्तीस वर्षांत अच्युतला
विचारायची वेळच आली नव्हती.

लक्ष्मी रोडवर पोहण्याचा पोशाख मागितला,
गुडघ्यापर्यंतचा.
"नातीचं वय काय?" दुकानदार म्हणाला.
एकसष्ट, मी सांगितलं.

सहकारनगरचा टँक, बायकांची बॅच, अकरा ते बारा.
उज्ज्वला तापकीर, वय एकवीस, गळ्यात शिट्टी :
"काकू, डोकं पाण्यात घाला.
डोकं वर धरलं की पाय बुडतात."

मला तर उलटंच शिकवलं होतं सगळ्यांनी.

नाकातोंडात पाणी जाणं माहीत होतं :
साडेसोळा टक्क्यांचं गृहकर्ज,
चिंचवडची कंपनी बंद पडली ती दोन वर्षं,
भिशीचा नंबर लागायच्या आधीच
भिशीवाली गायब झाली, तो मे महिना.
हे पाणी तसं नाही.
जातं, झोंबतं,
आणि शिंकरलं की येतं बाहेर.

"केस ओले?" अच्युत विचारतो.
"न्हाले."
"आठवड्यात चौथ्यांदा?"
वहीत मात्र काही लिहीत नाही.

तेराव्या दिवशी उज्ज्वलाने
मानेखालचा हात काढून घेतला
आणि मला सांगितलं नाही.
मी वर बघत होते. पत्रा, पत्र्याखाली एक पारवा,
कान पाण्याखाली, त्यामुळे पुणे पूर्ण बंद :
ना रिक्षा, ना कुकर, ना कुणाचं मत.
किती वेळ, कोण जाणे.
मग कळलं की हात नाही, आणि बुडाले.
पण ते नंतर.

बाकावर फोन वाजत होता.
ओल्या फरशीवर पाय आखडून उचलला.
"होनप लाइनवर आहेत, आत्ताच सांगायचंय.
रद्द केलं तर पैसे परत, तो दर अठरा हजारांनी जास्त.
न मिळणारा स्वस्त. काय करू?
तुझा गुडघा, माझं बीपी, ऐन वेळी काही झालं तर?"

"न मिळणारा घे."

पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज.
"आहेस कुठे तू? एवढं घुमतंय काय?"

"पाण्यात," मी म्हणाले.

"ते तर मीही म्हणतोय," अच्युत म्हणाला,
"गेले तर अख्खे पैसे पाण्यात."