शेरा

बँकेतल्या मुलीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला.
"मेन्टेनन्सचा हप्ता बंद करायचाय? सोसायटीचा का?"
मी हो म्हणालो.
मुलुंडच्या शाखेत, सकाळी साडेदहाला,
मागे सात माणसं उभी असताना
याहून लांब उत्तर देता येत नाही.

'कारण' असा एक रकाना होता.
लिहिलं : मुलगा सज्ञान झाला.

तेरा वर्षांपूर्वी वांद्र्याच्या कोर्टात
कारकुनाने वाचून दाखवलं होतं,
अज्ञान साईल, वय वर्षे पाच.
मला राग आला. अज्ञान कसा?
बिल्डिंगमधल्या सगळ्या स्कूटरांचे नंबर पाठ होते त्याला.
वकीलबाई म्हणाल्या, घाडीगावकर,
कायद्यात तसंच म्हणतात.

मी लिफ्टचा माणूस.
भांडुप ते पवई, एकशे बारा लिफ्ट माझ्या हाताखालून जातात.
लोक आत शिरतात, आरशात केस नीट करतात,
चौदावा दाबतात.
केबिन वर निघते तेव्हा पाठीमागे
तोलाचं लोखंड खाली उतरत असतं.
ते कुणाला दिसत नाही. दिसायचं कारणही नाही.
मधल्या मजल्यावर दोघं एकदा
शेजारून जातात, हातभर अंतराने.
थांबत नाहीत.

साईल आणि मी भेटायचो
कोर्टातल्या मुलांच्या खोलीत,
दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी.
तिथे प्लास्टिकचा एक डंपर होता, एक चाक नसलेला.
तीन चाकांवर त्याने काय काय वाहिलं!
मग त्याला नववं लागलं आणि शनिवारचे क्लासही लागले.
मनालीने फोनवर सांगितलं, नको म्हणतोय यायला.
मी म्हटलं, बरं.
बरं हा शब्द त्या वर्षी मी फार वापरला.

आधी साडेतीन हजार, मग पाच, मग सात.
पाच तारीख.
लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला
तेव्हा स्वतःचं ड्रिल मशीन विकलं.
पण एकदा, काही कारण नसताना, नुसत्या रागाने
थांबवले होते पैसे. बारा दिवस.
ते बारा दिवस अजून माझ्या नावावर आहेत,
ते कुठल्या फॉर्मने बंद होत नाहीत.

पोटगी या शब्दात पोट आहे
हे मला उशिरा दिसलं.
रात्री एकट्याने अंडापाव खाताना
हिशेब मांडायचो,
यातून बूट आले असतील का, आणि
कितव्या नंबरचे.
कितव्या नंबरचे, हे विचारायला
रकाना नव्हता.

अर्ज दिला तरी
पुढच्या पाच तारखेला हप्ता गेलाच, सवयीने.
सहा तारखेला परत आला.
मनालीच्या खात्यातून नाही.
मोबाईलवर नाव दिसलं
ते मी मोठ्याने वाचलं, कुणी ऐकत नव्हतं :
साईल सत्यवान घाडीगावकर.
मधलं नाव माझं.
ते त्याने काढलेलं नाही, की काढायचं
राहून गेलंय, कोण जाणे.

शनिवारी पासबुक छापून घेतलं,
कामावर केबिनच्या टपावर बसून उघडलं,
पानाला ग्रीस लागू नये म्हणून कोपरांनी धरून.
सात हजार जमा. पुढे शेरा,
इंग्रजी अक्षरांत :
जास्तीचे हो

तिथे छापायची जागा संपली होती.
'होते' असणार. शेवटचं अक्षर मशीनने खाल्लं.
उरलं ते असं,
जसं एखादा भला दुकानदार
सुट्टे परत करताना
अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणतो.

मी पुन्हा वाचलं. जास्तीचे, हो.

सहाव्या मजल्यावर कुणीतरी
बटण दाबून धरलं होतं.
वरूनच ओरडलो,
थांबा जरा, काम चालू आहे.