सराव पाठ क्रमांक सात

इयत्ता आठवी ब. घटक : आर्टिकल्स.
टाचण रात्री दोनदा उतरवलेलं.
शेवटच्या बाकावर तोरसकर मॅडम,
गुडघे मावत नव्हते त्यांचे.

जगात जी गोष्ट एकच, तिच्याआधी 'द', मी म्हणाले.
द सन. द मून. द सी.
खिडकीतून सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास.
वर्ग एका आवाजात : द शी.
मीही बारावीपर्यंत 'शी'च म्हणायचे.

मग रुणाली कुबल उठली.
"बाई, रत्नागिरीचो दर्यो वायलो, आमचो वायलो.
पप्पा दोनय ठिकाणी जातत.
पाण्याचो रंगच दुसरो.
मगे 'अ शी' कित्याक नाय?"

टाचणात एक रकाना असतो, अपेक्षित उत्तर.
त्यात हे नव्हतं.
मी फळा पुसला. नीट, कोपऱ्यांसकट,
घंटा होईपर्यंत.

शेरा : फलकलेखन उजवीकडे उतरते.
आवाज बरा. विद्यार्थिनीचा प्रश्न टाळला.
दहापैकी सहा.

तिठ्यावर एसटीची वाट बघताना
सुरूंमधून दिसत होता तो, आचऱ्याचा,
काठाला मातकट, पुढे हिरवा,
आणि त्याच्याही पुढे कसला तरी, ज्याला
मराठीतही शब्द सुचेना.
एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो
ते बघत राहिले. हातांना खडू तसाच.

गाडी आली.
"एक मालवण," मी म्हणाले.
"एकच ना?" कंडक्टरने विचारलं,
मशीनवर बोट ठेवून.
सुट्टे शोधण्याच्या नादात
मी त्यालाही उत्तर दिलं नाही.