साठ आणि पन्नास

फुजी नदीच्या पलीकडे, पश्चिमेला, वीज
सेकंदाला साठ हेलकावे खाते.
आमच्या बाजूला पन्नास.
फार पूर्वी कुणी दोन देशांतून दोन यंत्रं आणली,
आम्ही अजून निस्तरतोय.

चिझुए-सान कुवानाहून आल्या, नुमाझूला लेकीकडे, कायमच्या.
सोबत दोन उशा, लोणच्याची बरणी,
आणि फीतवाला रेकॉर्डर, अठरा किलोचा.
जावयानं तो माझ्या काउंटरवर टेकवला, कंबर धरून म्हणाला,
‘बिघडलाय. बाबांचा आवाज जड येतो.’

बिघडला नव्हता.
त्याची मोटर विजेच्या ठेक्यावर चालते;
ठेका संथ, तर तीही संथ.
मिनिटाचं गाणं बहात्तर सेकंदांचं,
सूर तीन पट्ट्या खाली.

फितीवर: घमेल्यात शिंपले धुतल्याचा आवाज,
तोकुमासा-सानचं गुणगुणणं, तेही बेसूर,
मध्येच थांबून, ‘चालू आहे का ते?’

दोन संध्याकाळी लेथवर बसून
पितळेची नळी कातली, मूळ दांड्यावर चढणारी,
एक पंचमांश जाड.
सातला गल्लीतले कुकर लागतात,
काटा शंभरावरून शहाण्णवावर येतो,
मागे घरघर.
म्हणून रात्री दहानंतर तपासलं.
अगदी बरोबर. साठवाल्या गावातला माणूस.

त्या ऐकायला आल्या. पर्स मांडीवर.
फीत संपून टोक फटफटत राहिलं तरी उठल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
‘हा तर पोरगा आहे हो.
चोपन्नाव्या वर्षी गेले ते. मी अठ्ठ्याहत्तर.
इथं आल्यापासून
जरा माझ्या वयाला आले होते.’

मी पाना पुसत राहिलो.
‘ही नळी निघते का?’
निघते. एकच स्क्रू. दहा येनचं नाणं पुरतं.
त्यांनी तीनदा काढून बसवून पाहिली,
कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली,
पैसे मोजून दिले, पावती मागितली.

दाराशी वळून म्हणाल्या,
‘तुमची भिंत गुणगुणते. आमच्याकडच्यापेक्षा खाली.’

एकेचाळीस वर्षं बसतोय इथं.
त्या रात्री एकेक बटण बंद करत गेलो,
ट्यूबलाइट, भिंतीवरचा ट्रान्सफॉर्मर, अॅम्प्लिफायर,
शेवटी फ्रिज.
दूध नासलं सकाळपर्यंत.