खुर्ची जवळ ओढली: अर्धा गुण

मे महिना, मेडिकलचं जुनं सभागृह,
दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करणारा.
तीस जण आम्ही, शिकवायला शिकायला आलेले:
दातांचे, हाडांचे, नर्सिंगच्या, फिजिओच्या,
आणि आयुर्वेदाचे ठवकर सर, खिशात कांदा ठेवणारे
उन्हासाठी. विचारलंत तर काढून दाखवतातही.

पहिल्या दिवशी एक क्रियापद काढून घेतलं आमच्याकडून.
'समजणे' लिहायचं नाही, म्हणाल्या बाई,
समजणं मोजता येत नाही.
लिहा: सांगता येईल. काढता येईल. ओळखता येईल.
मी वहीतलं समजणे खोडलं.
एकतीस वर्षं शिकवतोय,
एवढं सोपं होतं तर ते.

दुसरा दिवस प्रश्नपत्रिकांत गेला,
आणि जेवणात वांग्याची भाजी अशी तिखट
की पुण्याचे निरीक्षक दुपारभर पाणीच पीत राहिले.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्या.
माझ्या चिठ्ठीत: तुम्ही डॉक्टर. मुलाचं वय नऊ.
रिपोर्ट आला आहे. आईला सांगा. वेळ सात मिनिटं.

मी पॅथॉलॉजीचा माणूस.
माझ्याकडे माणसं येतात ती काचेवर,
गुलाबी-जांभळी, पातळ, नंबर लावलेली.
मी बघतो, लिहितो, सही करतो,
कागद जिना चढून वर जातो.
वर त्याचं काय होतं, कधी पाहिलं नाही.

समोर आई म्हणून उईके सिस्टर,
नर्सिंग कॉलेजच्या, निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या.
पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली,
पिशवी नव्हतीच,
आणि एकदम गाव बदललं त्यांचं.

नाव सांगितलं: एक गुण.
खुर्ची जवळ ओढली: अर्धा.
तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय, विचारलं: एक.
मग तो शब्द.
रोज तीनदा-चारदा लिहितो मी तो,
कुणाच्या तोंडाकडे बघून म्हटला नव्हता.

सिस्टर गप्प. मग म्हणाल्या,
"बरं जी. पण शाळेचा ड्रेस शिवाले टाकला हाय त्याचा,
वाढत्या अंगाचा.
शिवू देऊ, का थांबवू टेलरले?"

यादीत हे नव्हतं.
मी कागद उलटा केला. मागे कोरा.
मागच्या रांगेत ठवकर सरांनी खिशातला हात काढला.
मी तोंड उघडलं, आणि घंटी झाली.
साडेचार, वाचलं निरीक्षकांनी,
सहानुभूतीचं वाक्य: नाही.

चहाला गाठलं सिस्टरना. ड्रेस कुठून आणलात?
"वॉर्ड अकरा. एकोणनव्वद साल.
मी विद्यार्थिनी, ट्रे धरून उभी."
डॉक्टर काय म्हणाले?
"घड्याळ पाहिलं त्यांनी.
मीच म्हटलं, शिवू द्या.
मला कोणी विचारलं नव्हतं. मेट्रन फार रागावल्या."
मग, ड्रेस?
त्या कप विसळायला गेल्या.

प्रमाणपत्रावर इटनकरचं इटणकर झालंय.
ग्रुप फोटोत माझे डोळे मिटलेले.
अभिप्रायाच्या फॉर्मवर शेवटची ओळ होती:
आता आपल्याला काय करता येऊ लागले?
मी लिहिलं, डावीकडचा कूलर दुरुस्त करावा.

सोमवारी दहाला प्रॅक्टिकल.
निखाडे नावाची मुलगी सूक्ष्मदर्शकावर.
केंद्रकं मोठी, सर, दाटीवाटीनं,
आणि तिनं निदान सांगितलं, अचूक.
ओळखता येईल: आलं.

फॉर्म वाच, मी म्हटलं.
तिनं नंबर वाचला.
त्याच्या खाली.
तिनं वय वाचलं, गाव वाचलं, भिवापूरकडचं,
मग नाव, थोडं अडखळत,
आणि डोळा परत भिंगाला लावायचा
तो लगेच लावला नाही.

मीही काही बोललो नाही.
याला किती गुण,
बाईंना विचारायचं राहिलंय.